ट्राऊट राखीव

थंडीच्या दिवसांत निर्मळ वाहत्या पाण्याकाठी गळ टाकून उभा राहिलेला माणूस अहंकारातून मुक्त होतो. पाणी त्याला धीर शिकवतं, मासा त्याला नम्रता शिकवतो, आणि सकाळी घरातून निघालेला माणूस संध्याकाळी परतताना उरलेला नसतो. असं आमचे साहेब सांगत. मी तीन हिवाळे त्यांच्या मागून टोपली घेऊन चाललो. संध्याकाळी परतणारा माणूस तोच असे. फक्त त्याला पडसं झालेलं असे.

मी तेव्हा औरंगाबादेतल्या एका सरकारी कचेरीत अनुवादक होतो. पोलीस अॅक्शनला बरीच वर्षं उलटली होती, त्यानंतर राज्यही दोनदा बदललं होतं, पण कपाटांतले कागद अजून उर्दूतच होते. माझं शिक्षण उर्दूत झालेलं, मराठी घरची, इंग्रजी पोटासाठी शिकलेली. त्यामुळे नव्या राज्याला जुनं राज्य समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. साहेब पुण्याकडून आलेले. हैदराबाद संस्थान आपण स्वतः येऊन मुक्त केलं आणि त्यात आपले बूट खराब झाले, असा त्यांचा चेहरा असे. आमच्या मराठीतले उर्दू शब्द ते भातातल्या खड्यासारखे वेचून बाजूला ठेवत. 'तारीख' म्हटलं तर 'दिनांक' म्हणत, 'हुकूम' म्हटलं तर 'आदेश'. 'साहेब' हा शब्द मात्र त्यांनी राहू दिला होता.

हे साहेब एकदा रजेत काश्मीरला गेले होते. तिथे भाड्याचा गळ आणि भाड्याचा वाटाड्या घेऊन त्यांनी एक ट्राऊट पकडला. ट्राऊट हा थंड पाण्यातला विलायती मासा. इंग्रजांनी त्याची अंडी बोटीतून आणून आपल्या डोंगरांत वाढवली, कारण एवढा मोठा देश ताब्यात घेतल्यावर रविवारी काय करायचं हा प्रश्न त्यांना पडला होता. साहेबांच्या टेबलावर त्या माशाचा फोटो होता. फोटोत मासा वाटाड्याच्या हातात होता आणि साहेब वाटाड्याच्या शेजारी होते.

पुढे एका डिसेंबरात वेरूळहून परतताना जीप तापली म्हणून आम्ही थांबलो. डोंगराच्या पोटातून एक ओढा उतरत होता. शेळी उडी मारून पलीकडे जाईल एवढी त्याची रुंदी. साहेबांनी पाण्यात हात घातला, तो थोडा वेळ तसाच ठेवला आणि म्हणाले, "थंड आहे." मग आणखी थोड्या वेळाने म्हणाले, "इथे ट्राऊट असला पाहिजे."

हा तर्क मी पुढे बरेचदा मनात तपासून पाहिला. आमच्या विहिरीचं पाणीही थंड होतं.

पुढच्या रविवारपासून मोहीम सुरू झाली. साहेबांच्या अंगात जाड लोकरी कोट, डोक्यावर कानटोपी आणि टोपी यांच्या मधलं काहीतरी, पायांत गुडघ्यापर्यंत रबरी बूट. ओढ्याचं पाणी घोट्यापर्यंत होतं. तीन तुकड्यांत जोडायची लांब बांबूची काठी त्यांनी मुंबईहून मागवली होती. गळाला गांडूळ लावणं हे त्यांच्या लेखी लाच देण्यासारखं होतं. पिसांची खोटी माशी बांधायची, ती पाण्यावर अलगद टाकायची आणि मासा स्वेच्छेने फसला पाहिजे, असा त्यांच्या इंग्रजी पुस्तकाचा दंडक. त्या पुस्तकात कोंबड्याच्या मानेचं तांबूस पीस सांगितलं होतं. असा कोंबडा आमच्या कचेरीच्या शिपायाकडे होता. साहेबांनी मागितलं आणि शिपायाने नाही म्हटलं असं होत नसे. संक्रांतीपर्यंत तो कोंबडा इतका उघडा पडला की कोंबड्या त्याच्याकडे पाठ करून दाणे टिपत.

मोहिमेत आम्ही चौघं. साहेब, मी, जीपचा ड्रायव्हर आणि शहरातले एक वकील. वकिलांनी पूर्वी निजामाच्या अंमलदारांना शिकारीला नेलं होतं, आता ते लोकशाहीच्या अंमलदारांना नेत. त्यांच्या जुन्या शेरवानीचा आणि नव्या बंद गळ्याच्या कोटाचा शिंपी एकच होता. अंमलदार जे म्हणेल त्याला आपल्या आजोबांची साक्ष काढणं ही त्यांची खासियत. पूर्वी एका अंमलदाराने तरसाला वाघ म्हटलं, तेव्हाही त्यांच्या आजोबांनी तिथेच वाघ पाहिलेला होता.

ड्रायव्हर शहरातलाच, दखनी बोलणारा. पहिल्या रविवारी साहेब दगडाआड गुडघ्यांवर बसून, आपली सावली पाण्यावर पडू नये म्हणून मान वाकवून पुढे सरकत होते. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "बाबूजी, साब का कुच गिरा क्या?"

"मासे धरताहेत," मी म्हटलं.

"मच्छी तो शागंज के बाजार में मिलती ना. कटी हुई."

त्या हिवाळ्यात साहेबांना एकूण काय मिळालं ते सांगतो. एक बोटभर लांबीची, अंगावर निळसर ठिपके असलेली मासोळी. तीही माशीला नव्हे, काठी उचलताना गळ तिच्या पोटात अडकला म्हणून आली. साहेबांनी ती तळहातावर घेतली. त्यांचे डोळे भरून आले असं वकील नंतर लोकांना सांगत, पण वारा होता.

"ठिपके पाहा," साहेब म्हणाले. "ट्राऊट."

"ट्राऊटच, साहेब," वकील म्हणाले. "आमच्या आजोबांच्या वेळी तर ओढा भरलेला असायचा."

"लहान आहे अजून."

"पिल्लू आहे, साहेब."

पिल्लू टोपलीत ठेवलं. टोपलीत आमचे जेवणाचे डबे होते. घरी पोचेपर्यंत ते लोणच्याच्या फडक्याला चिकटून बसलं होतं.

अशी दोन वर्षं गेली. तिसऱ्या हिवाळ्यात साहेबांनी मुंबईच्या बड्या साहेबांना पत्र लिहिलं की मराठवाड्यात ट्राऊट आहे, तो आपण शोधला आहे, आणि येत्या पौषात बड्या साहेबांनी स्वतः येऊन तो धरावा. पत्राचा मराठी मसुदा माझाच. 'शोधला' या शब्दाखाली साहेबांनी दोनदा रेघ ओढायला लावली. बड्या साहेबांचं उत्तर आलं की वेरूळची लेणी पाहायची राहिलीच आहेत, तेव्हा येतो. उत्तरातला पहिला अर्धा भाग साहेबांनी वाचला नाही.

बडे साहेब यायच्या दोन आठवडे आधी आम्ही ओढ्यावर पाहणीला गेलो. ओढ्यात एकच जागा अशी होती की तिथे कमरेइतकं पाणी, खाली स्वच्छ खडक आणि दोन्ही काठांना पिवळ्या फुलांची तरवडाची झुडपं. हा डोह साहेबांनी बड्या साहेबांसाठी ठरवला होता. त्यांनी खालच्या अंगाने, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे, दबकत जाऊन माशी टाकली. काठी वाकली. वकिलांनी टोपी काढली. साहेबांनी हळूहळू दोरी गुंडाळत आणली. गळाला लोकरीचा ओला पुंजका होता.

वर पाहिलं तर डोहाच्या वरच्या टोकाला एक मेंढपाळ एका एडक्याला पाण्यात धरून चोळत होता. डोंगराच्या अंगाला धनगरांची पाच-सहा घरांची वस्ती होती, तिथला हा. पन्नाशीचा, वाळलेला, आणि चेहऱ्यावर समोरच्याचं बोलणं पूर्ण ऐकून मगच न ऐकण्याचा भाव. साहेबांनी त्याला बोलावलं. तो एडक्यासकट आला.

"हे काय चाललंय?"

"मेंढरू धुतो जी."

"इथे?"

"पानी हितंच हाय."

"हे पाणी गढूळ होता कामा नये."

"मंग सायबांनी वर यावं, आमी खाली जातो. पानी वरनं खाली येतंय."

हे इतकं बरोबर होतं की साहेबांना राग आला. पुस्तकात खालून वर जायला सांगितलेलं होतं. "हर्सूलच्या तळ्यावर ने तुझ्या मेंढ्या," ते म्हणाले.

"तळ्याला गाळ लई, सायब. धुऊन काढलं की मेंढरू अजून काळं व्हतं. आन् तितं तुरुंग शेजारीच. आमी गेलो तर लोक इचारतील, काय केलं म्हनून."

साहेब इंग्रजीत म्हणाले की या माणसाला काय ते समजवा, आणि काठी वकिलांच्या हातात देऊन जीपकडे गेले. समजावायला मी थांबलो. मेंढपाळाने एडका सोडला आणि माझ्याकडे वळला.

"भाऊसाहेब, तुमी आपले दिसता म्हनून सांगतो. पंधरा दिवसांनी ऐतवारी कातरनी हाय आमची. गंगथडीचे पावनं कातर घिऊन येनार, दोन दिस ऱ्हानार. ते पुन्यांदा यायचे न्हाईत, त्यांचीबी मेंढरं हायत. न धुता कातरलं तर घोंगडी विननारा लोकर हातात धरत नाय. न कातरता ठिवलं तर उन्हाळ्यात मेंढरू उकडून मरतंय. आन् सोमवारच्या फुडं मला शेंद्र्याला जायचंय, तितल्या पाटलाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचा शबूद दिलाय." त्याने डोहाकडे हात केला. "ह्यो एक डोह. बाकी वढा म्हंजे म्हशीचं मूत."

"बघू," मी म्हटलं. कारकुनाचा हा शब्द दोन्ही बाजूंना चालतो.

"आन् सायब काय धरतेत?"

मी बोटाने लांबी दाखवली आणि ठिपके म्हणालो.

"ठिपकी व्हय? ती मेंढरं धुत्यात म्हनून तर हितं ऱ्हाती. आंगावरची गोचडी, पिसवा पान्यात पडत्यात, ती खाती. मेंढरं नसली की ठिपकी नसती."

हे मी साहेबांना सांगितलं नाही. ज्यांना शोध लागलेला आहे त्यांना माहिती देण्याची आमच्या कचेरीत पद्धत नव्हती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आदेश काढायचं ठरवलं. डोहाकाठी फलक लागला पाहिजे, आणि तो जनतेच्या भाषेत, म्हणजे मराठीत असला पाहिजे. मसुद्याला वकील हजर होते. मी लिहिलं: 'या ओढ्यात मेंढ्या धुण्यास मनाई आहे.' साहेबांनी कागद दूर धरून वाचला.

"मेंढ्या?" ते म्हणाले. "बडे साहेब येणार. त्यांनी उतरल्याबरोबर काय वाचायचं, मेंढ्या? फलकावर मेंढ्या शोभत नाहीत."

"शोभत नाहीत, साहेब," वकील म्हणाले.

"विषय ट्राऊटचा आहे. ट्राऊट राखीव. बस."

मी विचारलं, ट्राऊटसाठी मराठी शब्द काय घालू? निदान 'ट्राऊट मासा' म्हणू का?

"सूर्याला आपण सूर्य गोळा म्हणतो का? ट्राऊट म्हणजे ट्राऊट."

मी लिहिलं: 'या ओढ्यातील ट्राऊटला इजा करू नये.' इथे वकिलांनी पहिल्यांदा स्वतःचं डोकं चालवलं. "'ओढ्यातील' नको," ते म्हणाले. "उद्या कुणी मासा पाण्याबाहेर काढला आणि काठावर मारला, तर तो ओढ्यातला राहिला का? आरोपी सुटेल. 'परिसरातील' घाला. कायद्यात पळवाट ठेवू नये."

साहेबांनी त्यांच्याकडे कौतुकाने पाहिलं. फलकाचा मजकूर असा झाला: 'ट्राऊट राखीव. या परिसरातील ट्राऊटला कोणत्याही प्रकारे इजा पोहोचविणाऱ्यावर कारवाई होईल. आदेशावरून.' मासा नाही, पाणी नाही, मेंढी नाही. मला ते तेव्हाच दिसलं होतं. मी स्वच्छ अक्षरात प्रत केली आणि सहीला ठेवली. भल्या माणसाने बोलून दाखवलं असतं असं कुणी म्हणेल. भला माणूस त्या कचेरीत तीन वर्षं टिकला नसता.

फलक रोवायला मी आणि ड्रायव्हर गेलो. खड्डा खणेपर्यंत वस्तीवरची माणसं जमली. त्यांच्यात वाचता येणारं कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी खालच्या गावातून निवृत्त पटवारी आणला होता. हा म्हातारा निजामाच्या काळातला. सगळी नोकरी उर्दूत झालेली, नव्या राज्यात देवनागरीची ओळख उतारवयात झालेली, सुनेच्या माहेरच्या माणसांशी होते तशी, जेवढ्यास तेवढी. त्याने चष्मा पुसला आणि फलकासमोर उभा राहिला.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. उर्दूत ऱ्हस्व स्वर बहुतेक लिहीतच नाहीत, आणि 'ऊ' आणि 'व' यांना एकच अक्षर. व्यंजनं दिसतात, आणि वाचणारा अर्थावरून शब्द ओळखून घेतो. ज्याचा जन्म उर्दू वाचण्यात गेला तो देवनागरीही तशीच वाचतो. अक्षरांवरून नजर फिरवतो, मग आजूबाजूला बघतो की इथे काय असायला हवं. मी स्वतः अनेक वर्षं असाच वाचत होतो.

पटवाऱ्याने 'ट्राऊट' वर बोट ठेवलं. "ट... र... व... ट," तो पुटपुटला. मग त्याने काठावर पाहिलं. दोन्हीकडे पिवळंजर्द फुललेलं तरवड. त्याचा चेहरा मोकळा झाला.

"तरवट राखीव," त्याने मोठ्याने वाचलं. "ह्या परिसरातल्या तरवटाला कुनी इजा करायची नाय. केली तर कारवाई."

"तरवट म्हंजे?" एकाने विचारलं.

"म्हंजे आपलं तरवड. सरकारी भाषा हाय ती. ढोर लोक कातडं कमवायला साल सोलून न्येतात ना? ते बंद केलं सरकारनं."

"सायब त्याच्यासाठी तीन साल काठी घिऊन फिरतोय व्हय?"

"मोजत आसंल."

सगळ्यांना पटलं. एवढ्या मोठ्या माणसाने तीन हिवाळे बोटभर ठिपकीमागे घालवले, यापेक्षा त्याने झुडपं मोजली हे कितीतरी शहाणपणाचं होतं. मेंढपाळ मात्र माझ्याकडे पाहत होता.

"भाऊसाहेब, तरवडच का?"

"बोर्डावर आहे ते आहे," मी म्हटलं.

"आन् मेंढरांचं काय लिव्हलंय?"

"मेंढरांचं काही लिहिलेलं नाही."

"एक अक्षर नाय?"

"एकही नाही."

त्याने थोडा वेळ फलकाकडे पाहिलं. "तरवडाला शेळीबी तोंड लावत नाय," तो म्हणाला. "सरकारनं राखलंय तर राखू." मग तो वस्तीकडे वळला आणि गंगथडीला निरोप धाडायला सांगितलं.

परतताना ड्रायव्हर रस्ता सोडून माझ्याकडेच बघत गाडी चालवत होता.  शेवटी म्हणाला, "बाबूजी, तुमने तो सच्च बोला."

"हो."

"पूरा सच्च."

"गाडी बघून चालव."

बडे साहेब त्या रविवारी सकाळच्या गाडीने आले आणि दहाच्या सुमारास आम्ही दोन मोटारींतून ओढ्यावर पोचलो. अर्ध्या फर्लांगावरूनच आवाज ऐकू येत होता. साहेबांना वाटलं गावकरी स्वागताला जमलेत. त्यांनी बड्या साहेबांना तसं सांगितलंही.

डोहात सहा-सात माणसं कमरेइतक्या पाण्यात ओळीने उभी होती. मेंढी एका टोकाला आत ढकलायची, हातोहात चोळत पुढे सारायची, दुसऱ्या टोकाला पाठीवर थाप मारून बाहेर. पलीकडच्या उन्हात धुतलेल्या मेंढ्यांचा पांढरा कळप थरथरत उभा होता. गंगथडीचे पाहुणे दगडावर बसून कातरींना धार लावत होते. पाणी चहाच्या रंगाचं झालं होतं. आणि काठावरच्या तरवडाच्या प्रत्येक झुडपाभोवती बाभळीच्या काट्यांचं गोल कुंपण होतं. मधोमध घोंगडी पांघरून एक म्हातारा हातात काठी घेऊन पहाऱ्याला बसला होता.

 आमच्या साहेबांनी मेंढपाळाला बोलावलं. तो पाणी निथळत आला, हात जोडले.

"बोर्ड वाचला नाहीस?"

"वाचून घ्येतला जी. पटवारीबाबांकडनं."

"मग?"

"एक पान तुटलं नाय, सायब. चुलत्याला बसवलंय राखायला. रातच्यालाबी हितंच झोपतोय. इचारा त्याला."

"मी ट्राऊटबद्दल बोलतोय."

"मीबी तरवटाबद्दलच बोलतो जी."

"ट्राऊट!"

"व्हय जी. त्योच."

 बडे साहेब मोटारीतून उतरून कुंपणापाशी गेले आणि पिवळ्या फुलांकडे वाकून पाहू लागले. "हा ट्राऊट?" त्यांनी विचारलं.

वकिलांना सवय सुटेना. "काही भागांत यालाही तसं म्हणतात, साहेब," ते म्हणाले. "आमचे आजोबा—"

"ट्राऊट मासा आहे," आमचे साहेब म्हणाले.

बड्या साहेबांनी मला फलक वाचायला सांगितला. मी वाचला. त्यांनी विचारलं, "यात मासा कुठे आहे?"

"नाही, साहेब."

"मेंढ्या?"

"त्याही नाहीत."

"मग हा माणूस नक्की काय चुकलाय?"

 बड्या साहेबांच्या न्यायबुद्धीबद्दल कुणी गैरसमज करून घेऊ नये. त्यांना बारा वाजता जेवायची सवय होती आणि मध्ये लेणी पाहायची होती. दुसऱ्या दिवशी हाच फलक दुसऱ्या कुणाच्या विरोधात उभा राहिला असता, तर तेव्हाही त्यांनी घड्याळाकडेच पाहिलं असतं.

तेवढ्यात डोहात चुळबुळ दिसली. मेंढ्यांच्या पोटाखाली, पाण्याच्या वरच्या थरात, ठिपक्यांच्या मासोळ्या झुंडीने उसळत होत्या. मेंढपाळाच्या भावजयीने लुगड्याचा पदर पाण्यात पसरला, उचलला आणि पंधरा-वीस काठावर ओतल्या.

"हे कोणते मासे?" बड्या साहेबांनी विचारलं.

"ठिपकी जी," ती म्हणाली. "कालवनाला बरी लागती. पर काटं लई."

आमच्या साहेबांनी तीन वर्षांत एक पकडली होती. त्यांनी त्या ढिगाकडे पाहिलंच नाही. काठी जोडली आणि गढूळ पाण्यावर, माणसं आणि मेंढ्या यांच्या मधून, माशी टाकली. मला वाटतं तो त्यांचा एकमेव निर्भेळ क्षण होता, कारण त्यात पुस्तक नव्हतं. माशी एका मेंढीच्या पाठीत अडकली. मेंढी पलीकडे चालू लागली आणि दोरी करकर करत सुटत गेली. मेंढपाळाने तिला गाठून गळ सोडवला आणि तांबूस पिसांचा तो भिजका गोळा बोटांच्या चिमटीत धरून परत आणून दिला.

"सायब," तो म्हणाला, "तुमचं कोंबडं."

गंगथडीच्या पाहुण्यांपैकी एकजण दगडामागे तोंड लपवायला गेला. ड्रायव्हर मोटारीचं बॉनेट उघडून आत बघू लागला. साहेबांनी काठी तीन तुकड्यांत सोडवली, पुसली, पिशवीत घातली. मग मला म्हणाले, "तुम्ही इथे थांबा आणि पंचनामा करा. सगळा." मोटारी वेरुळाकडे गेल्या.

मी दगडावर बसून कागद काढला. मेंढपाळ पुन्हा पाण्यात उतरायच्या आधी माझ्याजवळ आला. त्याचे ओठ थंडीने निळे पडले होते.

"भाऊसाहेब, आता हर्सूल का?"

"धू आधी," मी म्हटलं. "निम्म्या राहिल्यात अजून."

तो उतरला. मी पंच म्हणून पटवारी आणि गंगथडीचा एक पाहुणा घेतला. दोघांना घेऊन प्रत्येक झुडपापाशी गेलो. काटे बाजूला सारून पानं, फांद्या, साल पाहिली. पटवाऱ्याने आपलं नाव उर्दूत लिहिलं. पंचनाम्यात मी नोंदवलं की परिसरातील ट्राऊटला इजा पोहोचल्याचं आढळून आलं नाही. त्याखाली सही केली. ऊन कडक होतं. शेवटची मेंढी एक वाजता बाहेर आली आणि तीनपर्यंत सगळ्या वाळल्या.